पाच शेरांची दुलई

सातपुड्याच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथे सुपडू नावाचा एक भोळा गडी आपल्या म्हाताऱ्या मायसोबत राहायचा. सुपडूचा मायवर फार जीव. तिचा शब्द तो खाली पडू द्यायचा नाही. अडचण नेमकी तिथेच होती.

पौष लागला. थंडीने मायचे गुडघे धरले. झोप येईना. माय म्हणाली, "सुपडू, उस्मानचाचा पिंजाऱ्याकडून दुलई आण. एकदा तरी उबेत डोळा लागू दे. हलकी आणू नको हां. जड तेवढी ऊब."

"बरं, माय."

चाचाने विचारलं, "किती शेर कापूस भरू? दिवाळीच्या थंडीला तीन शेर पुरे. पौषाला पाच."

"जड," सुपडू म्हणाला.

चाचाने पाच शेरांची दिली. कापूस असा पिंजलेला, की खांद्यावर ओझं कळेना. सुपडूला शंका आली. वाटेत त्याने दुलई नाल्यात बुडवली. मग ती दोन्ही हातांनी उचलेना. सुपडू खूश झाला.

मायने कपाळावर हात मारला. "अरे करंट्या! दुलईला ऊन दाखवायचं असतं. उन्हानं ऊब येते."

"बरं, माय."

दुलई कुंपणावर वाळत पडली. अक्कल बाजारात मिळत नाही, नाहीतर मायने आधी तीच मागवली असती.

दुसऱ्या दिवशी माय म्हणाली, "गुडघ्यांना चोळायला शेजारून लोण्याचा गोळा आण."

सुपडूने गोळा आणला आणि अंगणातल्या दगडावर ठेवला. उन्हात. दुपारी दगड तेवढा तुकतुकीत होता. शेजारी कुत्रा जिभल्या चाटत बसला होता.

"अरे, असली वस्तू ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायची!"

"बरं, माय."

तिसऱ्या दिवशी दुलई अजून दमटच होती. माय म्हणाली, "शेजारून चार निखारे आण. शेकते तरी."

सुपडूने निखारे आणले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि लिंबाच्या सावलीत ठेवले. फस्स झालं.

माय रडकुंडीला आली. "अरे, निखारा विझायला लागला की वरची राख बाजूला सारायची! सुपानं वारा घालायचा! तडतडला की समजायचं, पेट घेतला."

"बरं, माय."

चौथ्या दिवशी दुपारी दुलई खडखडीत वाळली. मायने ती गळ्यापर्यंत ओढून घेतली. गुडघे सैल झाले. "आली रे बाबा ऊब," ती म्हणाली आणि तिचा डोळा लागला. पौषात पहिल्यांदाच.

सुपडूला भरून आलं. तो उशाशी बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने मायच्या नाकाला हळूच बोट लावलं. नाक गार होतं.

सुपडू दचकला. ऊब विझतेय!

त्याने दुलई ओढून बाजूला सारली. चुलीमागचं सूप आणलं आणि सपासप वारा घालायला लागला.

माय जागी झाली. तिला बोलायचं होतं, पण दात कडकड वाजत होते.

"ऐक माय, तडतडायला लागलीस!" सुपडू हरखून म्हणाला. "आता पेट घेतलास बघ!"

आणि त्याने दुसऱ्या हातात दुसरं सूप घेतलं.