बागेचं दार

फार पूर्वी एका माळावरच्या वारुळात वाळवीची शेती होती. शेती म्हणजे आत खोलवर पिकवलेली बुरशीची बाग. सगळं वारूळ तिच्यावरच जगायचं. पण हवेचे झरोके कधी उघडायचे, कधी लिंपायचे, हे दारावरचे शिपाई आपल्या बैठकीत ठरवत. मृग लागला की झरोके लिंपायचे, अशी रीत होती. तसे ते लिंपले.

यंदा मृग कोरडाच गेला. पायाखालची माती तापत चालली, तसा सर्जेराव शिपायाच्या जिवाला घोर लागला. झरोके उघडले आणि पाऊस कोसळला, तर बाग बुडायची. नाही उघडले, तर?

शिपायांना स्वतः खाता येत नसे. बागेतली पार्बती त्यांना घास भरवायची. आज ती रिकामीच आली.

"बाग करपतेय, सर्जेराव. उत्तरेचे तेवढे झरोके उघडा, तिकडून पाऊस आत येत नाही. पोरांनी खालून ओली माती आणायला वाटही शोधलीय."

"बैठकीत ठरवू," तो सवयीनं म्हणाला.

"मग बैठक बागेतच घ्या."

सर्जेराव तरातरा निघाला आणि बागेच्या दारात त्याचं भलंमोठं डोकं अडकलं. आजवर एकही शिपाई या दारातून आत गेलेला नाही, हे त्याला तेव्हा उमगलं. आतून करपल्याचा वास येत होता.

त्यानं डोकं मागे घेतलं आणि तो उंबऱ्याबाहेर बसला.

"बाई, बैठक तुम्हीच भरवा. पोरांनाही बसवा. कुठले झरोके उघडायचे ते मला इथं ओरडून सांगा, फोडायला हे डोकं आहेच. पण लवकर."