लोणी कुणी खाल्लं?

भांडीकुंडी बोलायची, तेव्हाची गोष्ट. एका स्वयंपाकघरात अशी रीत होती, की कुणी बोलत असताना भिंतीवरची पाल चुकचुकली तर ते बोलणं खरं धरायचं.

एके सकाळी शिंक्यातलं लोणी गायब झालं. ते घुसळून काढणारी रवी भडकली. "ज्यानं खाल्लं, तो आजच घराबाहेर!"

गोदी मांजर मिशा पुसत पुढे आली. "रवीताई, मी आपली चुलीपाशी गाढ झोपले होते. तेवढ्यात उंदीर आला." तिनं आशेनं वर पाहिलं. पाल गप्पच.

"तो मनात म्हणाला, लोणी मी खातो आणि आळ त्या गरीब गोदीवर घालतो." पुन्हा वर पाहिलं. पाल ढिम्म.

"अगं, तू तर झोपली होतीस ना?" रवीनं विचारलं. "मग त्याच्या मनातलं तुला कसं कळलं? बोलाव त्यालाच. त्याची गोष्ट त्याला सांगू दे."

"त्याची गोष्टही आता मीच सांगणार," गोदी ढेकर देत म्हणाली. "तो माझ्या पोटात आहे."

तेव्हा कुठे पाल चुकचुकली.