प्राचार्यांच्या नोट्स

आमच्या महाविद्यालयात ऑनलाइन परीक्षेतली उत्तरं पुस्तकांशी ताडून नक्कल पकडणाऱ्या यंत्राची चाचणी होती. त्याने वैदेही खराडेचं उत्तर शहाण्णव टक्के नक्कल ठरवलं.

"यंत्र चुकत नाही. हिचं वर्ष रद्द," प्राचार्य निसळ म्हणाले. चौकशी समितीत प्राध्यापक म्हणून मीही होतो. शंका आली, तरी मी मान डोलावली.

वैदेही म्हणाली, "सर, हे उत्तर तुम्हीच वर्गात तुमच्या नोट्समधून उतरवून घ्यायला लावलंत. शब्द बदलला तर गुण कापीन म्हणालात. आता तुमच्या नोट्सही तपासा."

नाइलाजाने तपासल्या. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"यंत्र चुकत नाही ना, सर?"

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "ही नुसती चाचणी होती," ते म्हणाले. वैदेहीचं वर्ष वाचलं.

घरी येऊन मी माझ्या तीस वर्षांच्या नोट्सचं कपाट उघडलं, आणि तसंच लावून घेतलं.