स्फटिकाची ऊब

यंत्रंही आपसांत बोलायची त्या काळची गोष्ट. लेझरच्या एका यंत्रात गुलाबी स्फटिक राहायचा. शेजारचा दिवा त्याला उजेड पाजायचा आणि स्फटिक त्यातून डोळ्यांना न दिसणारा, पण लोखंड कापणारा किरण काढायचा. त्याच्या अंगावरून सतत गार पाणी वाहायचं.

स्फटिकाला पाण्याचा भारी राग. "मी कमावलेली ऊब तू चोरतंस. चालतं हो!"

पाणी म्हणालं, "ऊब कसली, बाबा? तो ताप आहे तुझा."

"चालतं हो म्हटलं ना!"

पाणी मानी होतं. ते थांबलं.

स्फटिक तापला तसा त्याचा किरण मंदावला. लोखंड कापेना. घाबरून तो म्हणाला, "दिवेदादा, अजून उजेड द्या."

दिव्याने दिला. स्फटिक आणखी तापला, किरण आणखीच मंदावला.

"अजून द्या!"

दिव्याला फक्त देणंच ठाऊक होतं. तो देत राहिला. शेवटी कट्कन आवाज झाला आणि स्फटिकाला आरपार तडा गेला.

कारागिराने तुकडे काढून टाकले, नवा स्फटिक बसवला आणि पाणी सोडलं. नवा स्फटिक शहारला.

"दिवेदादा," तो कुरकुरला, "हे गारढोण कशाला हवंय इथे? माझी सगळी ऊब चोरतंय."