अंधाराची पाळी

"आक्का, सगळ्या गावाला चोवीस तास वीज मिळणार आहे. मग सहीला अडचण काय?"

बसवंत तिसऱ्यांदा विचारत होता. मठातल्या तानाक्कांनी लहानपणी त्याला पाढे शिकवले, ध्यानाला बसवलं. आता तो खासगी वीज कंपनीत साहेब झाला होता. ओढ्याच्या पाण्यावर वीज करणारं गावाचं जनित्र कंपनीच्या ताब्यात द्यायचं, असा कागद त्यानं आणला होता. गावानं कारभार आक्कांवर सोपवलेला, म्हणून सही त्यांची हवी होती. शिष्य साहेब झाला की त्याला गुरू अडाणी वाटू लागतो, त्यातलीच गत.

"समद्या गावाला?"

"वरच्या वाडीची सात घरं सोडून. तेवढ्यासाठी लाईन सांभाळणं परवडत नाही."

आक्का मठाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

दिवेलागण झाली. खाली घराघरात दिवे लागले. वरची वाडी मात्र काळोखातच राहिली.

"बघा, वरची लाईन गेलीच. गावाच्यानं हे निभत नाही, आक्का."

"गेली न्हाई. आज त्यांची पाळी हाय."

"कसली?"

"अंधाराची. चैतात ओढा आटतो, समद्यास्नी पुरत न्हाई. मग रोज सात घरं दिवा लावत न्हाईत. मठाचीबी पाळी असती."

बसवंत हसला. "काहीतरीच. जनित्र बसलं त्या साली मी दहावीला होतो, मग शिकायला शहरात गेलो. त्या साली आमच्या घरात एक दिवसही अंधार नव्हता."

"नव्हता. तुझी परीक्षा हुती." आक्का थांबल्या. "तुझ्या घराची पाळी कुनी घेतली, ठावं हाय?"

"नाही..."

आक्कांनी वरच्या वाडीकडं बोट केलं.

इतक्या वर्षांत त्या वाडीतलं कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. आणि कंपनीच्या नकाशावर त्या सात घरांवर लाल रेघ त्यानंच ओढली होती, चहा पिता पिता.

"आक्का, राहू द्या... सही करू नका."

आक्कांनी त्याच्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला आणि शांतपणे सही केली.

बसवंतानं कागदाला हात घातला, पण उशीर झाला होता.

"हे... हे काय केलंत?"

"तू मागितलंस, मी दिलं. आता वर जा आन् त्यास्नी तूच सांग. मग कागदाचं काय करायचं, ते तुझं तू ठरव." आक्कांनी कागद त्याच्या हातात ठेवला. "अंधारातच च्या करून देतील. न्हाई म्हनू नगंस."