सुबरावनं ध्यानात ठेवलं

एका गावात एक भोळा गडी व्हता. गावाचं नाव सांगत न्हाई. सांगितलं की तिथली माणसं काठ्या घिऊन येत्यात. गड्याचं नाव सुबराव. अंगानं बैल, मनानं वासरू. आनि डोकं? डोक्यावर टोपी व्हती, येवढंच सांगतो.

त्येचा मामा पिराजी, साखर कारखान्यात फिटर. आपल्याकडचा कारखाना बंद पडला, तवा त्यो आफ्रिकंत टांझानियाला गेला. तिथंबी ऊस, तिथंबी कारखाना, तिथंबी लाईट जाती. मामानं तिकडनं फोन केला.

"सुब्या, हिकडं ये. मी कारखाना बघतो, तू घर बघ. पाणी, बाजार, धुणं. दिवाळीला तुझी मामी आनि शालन हिकडं येत्यात. तवर शाण्यावानी वागलास तर शालन तुला दिली. न्हाई वागलास तर आल्या इमानानं माघारी."

शालन म्हंजे मामाची पोरगी. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, असं आपल्यात मानत्यात. शालनला कुणी इचारलं न्हाई. पोरीला कोण इचारतंय?

सुबराव इमानातनं उतरला ते हरखूनच. म्हणाला, "मामा, तुमी सांगाल तसंच करतो. एक अक्षर हिकडचं तिकडं हुणार न्हाई."

झालंबी तसंच.

पैल्या दिशी मामा म्हणाला, "नळावर जा. तिथं नुसतं 'माजी' म्हण. मिळंल."

काय मिळंल ते मामानं सांगितलं न्हाई. सुबरावनं इचारलं न्हाई.

नळावर बायकांनी बादल्या भरून ठिवल्यावत्या. सुबरावनं पैल्या बादलीवर बोट ठिवलं. "माझी?"

बाई हसली. "माजी!"

दुसरीवर बोट ठिवलं. "हीबी माझी?"

"माजी, माजी!"

सुबरावला वाटलं, काय देवमाणसं हाईत! त्येनं सात बादल्या हातगाड्यावर चढवल्या आनि निघाला. फुडं ह्यो, मागनं सात बायका, बोंबलत. सुबराव मागं वळून हात जोडतोय, "बास, बास! पोचवाय कशाला येताय?"

मामानं कपाळ बडवलं. बायकांच्या हातापाया पडून बादल्या माघारी दिल्या.

"गाढवा, हितं माजी म्हंजे पाणी! आपला डबा घिऊन जायचं. आत भरायचं. वर झाकण घट्ट लावायचं. मगच घरी यायचं. ध्यानात ठेव."

"ठिवलं, मामा."

दुसऱ्या दिशी मामा म्हणाला, "आज पाणी हाय. बाजारातनं कोंबडी आण, जिती. तिला हितं कुकू म्हणत्यात."

सुबराव डबा घिऊन गेला. कुकू घेतली. डब्यात भरली. वर झाकण घट्ट लावलं. मगच घरी आला.

मामानं झाकण काढलं. कोंबडी काय बोलंना.

"निजली असंल," सुबराव म्हणाला.

"कायमची निजली! अरं बैला, जित्या जिवाला डब्यात भरत्यात? पाय बांधायचं, डोकं खाली करायचं, आनि लटकवत आणायचं. समदी दुनिया तसंच आणती. ध्यानात ठेव."

"ठिवलं, मामा."

आता हितं कुणीबी म्हणंल, पुढं काय हुतंय ते कळलं. कळलं आसंल तर गप बसा. सुबरावला कळलं नव्हतं ना!

तिसऱ्या दिशी शेगडी बिघडली. मामा म्हणाला, "नाक्यावर जाऊन फुंडीला घिऊन ये."

फुंडी म्हंजे तिकडचा कारागीर. पंखा, शेगडी, सायकल, काय पडंल ते दुरुस्त करतोय. सुबरावला फुंडी म्हंजे काय ठावं नव्हतं. पण मामानं आणाय सांगितलंय, ते जितं का मेलेलं, येवढं त्येनं बघितलं. फुंडी जिता व्हता. बसून पंखा खोलत व्हता.

सुबरावनं खिशातनं सुतळी काढली.

मामा दारात उभा. बघतोय तर भाचा येतोय, खांद्यावर फुंडी, पाय बांधल्यालं, डोकं खाली. फुंडी त्येच्या भाषेत काय काय म्हणतोय. ते मी हितं सांगत न्हाई, बाया-पोरं बसल्यात.

मामानं सुतळी सोडली. फुंडीला पाणी दिलं, च्या दिला, स्वतःचा नवा शर्ट दिला, तवा कुठं त्यो गेला. शेगडी तशीच ऱ्हायली.

मामाचा आवाज बसला व्हता. "सुब्या, शेवटचं सांगतो. कोंबडी येगळी, माणूस येगळा. माणसाला मान द्यायचा. नातं जोडून बोलायचं. हितं काका म्हंजे भाऊ. दादा म्हंजे बहीण. आनि मामा म्हंजे आई. म्हण."

"काका म्हंजे भाऊ. दादा म्हंजे बहीण." सुबराव थांबला. मामाच्या मिशाकडं बघितलं. "मामा म्हंजे... आई?"

"आई! पक्कं आई! आता ह्येच्यात एक चूक केलीस तर शालन इसर."

"न्हाई इसरत. मामा म्हंजे आई."

आनि काय सांगू, ह्या बारीला गड्यानं नीट केलं. शेजारणीला "मामा" म्हणाला, तिनं केळी दिली. भाजीवालीच्या पोरीला "दादा" म्हणाला, ती लाजली. फुंडी रस्त्यात दिसला, त्येला "काका" म्हणाला. फुंडी पळाला, पण पळताना हसला. मामाला वाटलं, पोरगं लागलं मार्गाला. घरी फोन करून म्हणाला, "येताना अंगठी आणा."

दिवाळीला मामी आली, शालन आली. भाऊबीजंला आयतवार पडला, कारखान्याला सुट्टी. मामानं त्याच दिशी साखरपुडा धरला. कारखान्यातली आपल्याकडची चार माणसं आली, शेजारीण आली, फुंडीबी लांब दाराजवळ उभा ऱ्हायला. मामीनं नवरदेवाला ओवाळायला निरांजन लावून ताट तयार ठिवलं.

सुबराव पाटावर बसला. सकाळधरनं तोंड उतरल्यालं. मामानं त्येच्या हातात अंगठी दिली.

"घाल की रं! लाजतोस काय?"

सुबराव म्हणाला, "हिसाब लागला मला. लई वंगाळ हुणार व्हतं."

"काय हुणार व्हतं?"

"मामा म्हंजे आई, तुमीच सांगितलं. मग मामाची पोरगी म्हंजे आईची पोरगी. आनि आईची पोरगी म्हंजे..." सुबरावनं कानाला हात लावला. "शिव शिव! आनि दिस तरी कोणता! भाऊबीज!"

त्येनं निरांजनाचं ताट उचललं आनि शालनच्या हातात दिलं. मान तुकवली.

"दादा, ओवाळ मला."

मामा वराडला, "शाले, ताट खाली ठेव!"

पण शालन काय अडाणी नव्हती. आजवर तिला कुणी इचारलं नव्हतं, आज पैल्यांदाच कुणी कायतरी मागितलं व्हतं. तिनं मामाचं वाक्य संपायच्या आत तीन बारी ओवाळलं. कपाळाला कुंकू लावलं. वर अक्षता टाकल्या. सुबरावनं साखरपुड्याची अंगठी ओवाळणी म्हणून ताटात टाकली. शालननं ती उचलून बोटात घातली आनि म्हणाली, "औक्षवंत हो, भाऊ."

झालं. भाऊबीज झाली. आता लगीन कशाचं लावताय?

मामानं कोपऱ्यातला झाडू उचलला. सुबराव पाटावरनं उठून पळाला. खोली केवढी, तर दोन खाटांची. मामा मागं, सुबराव फुडं, माणसं भिंतीला चिकटून.

पाठीत पैला तडाखा बसला, तसा गडी वराडला, "आई, मारू नगंस! आई गं!"

"कुणाची आई? अरं, मी तुझा मामा हाय!"

"तेच म्हणतोय की, आई!"

दुसरा तडाखा बसला. सुबराव धावत गेला आनि मामीच्या मागं लपला. तिचा पदर दोनी हातानं गच्च धरला आनि रडत म्हणाला,

"बा, तुमी तरी आवरा की आईला!"