पाणी घातलेलं रसायन

खाडीकाठच्या एका गावात तापाची साथ पसरली होती. समोरच्या बेटावर मात्र अजून कुणीच आजारी नव्हतं. म्हणून तपासणी झाल्याशिवाय कुणालाही होडीत बसू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. गावातल्या छोट्या प्रयोगशाळेत इंदूताई आणि मोरेश्वर ही तपासणी करत.

एके दिवशी घाटात दरड कोसळली आणि शहरातून येणारं तपासणीचं रसायन अडकलं. बाटलीत थोडंसंच उरलं. दारात बेटावर जाणाऱ्यांची रांग लागली होती. रांगेत पुढे गोदा सुईण उभी होती.

“ताई, बेटावर एका पोरीला कळा सुरू झाल्यात,” ती म्हणाली. “पाणी ओसरलं की होडी चिखलात बसेल.”

मोरेश्वर आत येऊन हळूच म्हणाला, “रसायनात पाणी घालू. सगळ्यांना पुरेल.”

“आणि आजार असून दिसला नाही तर?”

“दिसेल की. बघत बसायला वेळ कुठे आहे, ताई?”

इंदूताईंनी खिडकीतून पाहिलं. ओहोटी लागली होती. तरीही त्यांनी एका नक्की आजारी माणसाचा नमुना काढला. एका नळीत त्यावर पातळ केलेलं रसायन घातलं. दुसऱ्या नळीत तोच नमुना चार निरोगी माणसांच्या नमुन्यांत मिसळला आणि रसायन पुरेपूर घातलं.

यंत्र चालू झालं. बाहेर लोक कुरकुरू लागले. गोदा येरझाऱ्या घालत होती.

पहिल्या नळीचं उत्तर आलं: आजार नाही. दुसरीचं आलं: आजार आहे.

मोरेश्वरचा चेहरा उतरला.

“नमुने एकत्र करून गटागटाने तपासू,” इंदूताई म्हणाल्या. “ज्या गटात आजार दिसेल, तेवढ्याच लोकांना एकेकटं तपासायचं.”

एक गट सोडून सगळे सुटले. तो गट गोदाचा होता. त्यातल्या प्रत्येकाला वेगळं तपासलं, आणि आजार गोदालाच निघाला.

“मला तर ताप नाही,” ती म्हणाली.

“अजून नाही, मावशी.”

गोदाने आपलं गाठोडं रांगेत सोबत आलेल्या सुनेकडे, हौसाकडे सरकवलं. हौसा तिच्याच हाताखाली शिकलेली होती आणि तपासणीत सुटलीही होती. “घाबरू नको. पोरीचा हात सोडू नको,” गोदा म्हणाली.

होडी खालचा चिखल घासतच निघाली. संध्याकाळी गोदा तापाने फणफणली. सकाळी बेटावरून निरोप आला: मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

तात्पर्य: थोडकं उरलेलं जरूर पुरवून वापरावं, पण पुरवण्याची रीत आधी पारखून घ्यावी. घाईत मिळालेलं खोटं उत्तर कुणाचा तरी जीव घेऊ शकतं.